तीन मुठींचा रिमोट

बडोद्याला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यात लोक दोनच गोष्टी विचारतात. राजवाडा पाहिलास का, आणि लीलो चिवडा आणलास का. चिवडा आणला आणि तो संपलाही. राजवाडा मात्र पाहिला नाही. मी बडोद्याला गेले होते ती दोन जुन्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांसाठी, आणि त्यांच्यापायी राजवाड्याच्या दारावरून दोनदा जाऊनही आत शिरायचं राहिलं. याबद्दल मला शेजारच्या कुलकर्णीबाईंनी अजून माफ केलेलं नाही.

आधी हे सांगायला हवं की मी नोकरीभर सर्किट बोर्ड आखत आले. लोक गावोगावची देवळं बघतात, मी यंत्रांची पोटं उघडून बघते. कुठला भाग कुठे बसवला, कशावर खर्च केला, कशावर हात आखडला, यावरून ते करणारा कसा विचार करत होता हे कळतं. एकाच काळात, एकाच गिऱ्हाइकासाठी, एकमेकांवर मात करायला केलेली दोन यंत्रं शेजारी शेजारी उघडायला मिळाली तर मला दिवाळीच.

माझा आतेभाऊ शिरीषदादा आणि त्याचा मित्र भरतभाई यांच्याकडे अशी जोडी होती. दादा रिफायनरीत, मोजमापाची उपकरणं सांभाळण्याच्या खात्यात. भरतभाई नागरवाड्यातले, पंप आणि मोटारींचे व्यापारी. मुलं लहान असताना दोघांच्या परदेशातल्या नातेवाइकांनी एकेक यंत्र आणलं. दादाकडे करडं, चकतीवर चालणारं. भरतभाईंकडे काळं, त्यात जाडजूड काडतूस खोचायचं. मुलं मोठी झाली, शिकायला बाहेर गेली, पण यंत्रं बापांनी सोडली नाहीत. दर रविवारी सकाळी भरतभाई फाफडा-जिलेबी घेऊन दांडिया बाजारात यायचे, एका रविवारी करडं लागायचं, दुसऱ्या रविवारी ते आपलं काळं बगलेत मारून आणायचे. खेळ थोडा आणि कुठलं यंत्र चांगलं यावर भांडण फार.

काळ्या यंत्राच्या रिमोटला तीन मुठी होत्या. रिमोट म्हणजे हातात धरून खेळायचं ते. आपल्याकडे त्याला रिमोटच म्हणतात. दादा दर वेळी म्हणायचा, "भरत, तुझ्या कंपनीला वाटतं माणसाला तीन हात असतात." आणि भरतभाई दर वेळी उत्तर द्यायचे, "विष्णु भगवानने तो चार हाथ छे. तने त्रणमां शुं वांधो?" म्हणजे विष्णूला तर चार हात आहेत, तुला तीनाचीच काय अडचण? मी त्यांच्याकडे जेव्हा जेव्हा गेले तेव्हा हा संवाद ऐकला आहे. आरतीसारखा तो ठरलेला होता.

मग पावसाळ्यात दादाला झटका आला. पाय हळूहळू सुधारला, काठी घेऊन चालू लागला. बोलणं परतलं, पण एकेक शब्द शोधून आणावा लागे. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला तर मांडीवरच राहायचा. थंडीत सुलभावहिनीचा फोन आला. "मंजू, हे म्हणतात, मशीन तुला देऊन टाकायचं. ये नि घेऊन जा."

खोटं कशाला बोलू, फोन ठेवल्यावर मला आधी आनंद झाला आणि मग त्या आनंदाची लाज वाटली. दोन्ही खरी होती.

दांडिया बाजार

सकाळी पोचले तेव्हा वहिनीने सेव-उसळ तयारच ठेवली होती. पुण्यातल्या मिसळीला ही लांबून बहीण लागते, पण स्वभाव निराळा. मिसळ आधी चटका देते, ही आधी जवळ घेते आणि मग हळूच नाकातून पाणी काढते. दुपारच्या आमटीत गूळ एवढा होता की मी वहिनीला म्हटलं, "अगं, ही आमटी की पुरणाचा कट?" ती म्हणाली, "खा ने गुपचूप. पिढ्यान्‌ पिढ्या इथे राहिलो, आमच्या आमटीने पण गुजराती शिकायला नको?"

दादा हिंचक्यावर बसला होता. बडोद्याच्या मराठी घरांतून हिंचका खुर्चीइतका सहज असतो. माणसं त्यावर पेपर वाचतात, भाजी निवडतात, जावई पारखतात. दादाचा हिंचका थांबलेला होता. मला बघून तो हसला, अर्ध्या तोंडाने, पण हसला. डाव्या हाताने टीव्हीखालच्या फळीकडे बोट केलं. "घेऊन... जा."

फळीवर करडं यंत्र होतं, वर वहिनीने विणलेली जाळी. आणि यंत्र उलटं ठेवलेलं. पोट वर, झाकण खाली.

हे उलटेपण म्हणजे या यंत्राची सबंध कुंडलीच आहे. ते मी दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं. आखणी इतकी नेटकी की बघत राहावं. एक मुख्य चिप, तिच्याच पोटात हिशेबाचा मदतनीस, चित्रांसाठी वेगळी चिप, आवाजासाठी वेगळी. प्रत्येकाला आपली खोली, कुणी कुणाच्या पायात येत नाही. खेळ चकतीवर, कारण चकती स्वस्त आणि तिच्यात भरपूर मावतं. फक्त चकतीवरून वाचणाऱ्या भिंगाची गाडी प्लॅस्टिकच्या रुळावर सरकते, आणि शेजारीच वीज पुरवणारा गरम भाग बसवलेला. वर्षानुवर्षांच्या घासण्याने रूळ झिजतात, भिंग तिरपं होतं, खेळ अडकतो. मग यंत्र उलटं केलं की झिजलेली गाडी दुसऱ्या अंगाने टेकते आणि पुन्हा सरळ वाचते! हा उपाय जगात अनेकांना सापडला असेल, पण दादाने तो आपला आपण शोधला होता आणि त्याचा त्याला पगारवाढीपेक्षा जास्त अभिमान होता.

मी हे सगळं मोठ्याने बोलत होते, त्याने ऐकावं म्हणून. त्याने मान खिडकीकडे वळवली होती.

वहिनीने मला स्वयंपाकघरात बोलावलं, नळ सोडून ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मंजू, त्यांनी सांगितलं म्हणून मी फोन केला. पण तू मशीन घेऊन गेलीस ने, तर या घरातला रविवार जाईल. भरतभाई येतात अजून. फाफडा आणतात, राजकारण बोलतात, पंपांचे भाव सांगतात, नि अर्ध्या तासात उठतात. मशीनकडे दोघंही बघत नाहीत. हे त्यांच्याशी शब्दही बोलत नाहीत. डॉक्टर म्हणतात, बोलले तर बोलणं सुधारेल. पण कोणाशी बोलणार? माझ्याशी तर झटक्याच्या आधीपण नव्हते बोलत." शेवटचं वाक्य तिने हसत म्हटलं, पण नळ बंद करायला ती विसरली.

मी इंजिनिअर. दुःख दिसलं की माझा हात पकडीकडे जातो. करड्या यंत्राचा रिमोट घेऊन बसले. त्याला दोन मुठी, डाव्या हाताला दिशा, उजव्या हाताला बटणं. दोन हात असणारच असं धरूनच तो आखला आहे. मी ठरवलं, उजवीकडच्या बटणांच्या तारा बाहेर काढायच्या आणि पायाखाली एक पट्टी द्यायची. डावा हात दिशा देईल, पाय वेग. कागदावर चित्र काढून दादाला दाखवलं, मोठ्या उत्साहाने.

त्याने चित्र नीट पाहिलं. तो माणूस आयुष्यभर अशी चित्रं वाचत आला होता, समजायला वेळ लागला नाही. मग कागद माझ्याकडे सरकवला. "नको. खेळात पण... कुबडी?"

मी कागदाची घडी करून पिशवीत टाकली. संध्याकाळी यंत्र बंद करून, कपड्यात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवलं, आणि बॅगेची चेन लावताना मला फार वाईट वाटलं.

नागरवाडा

दुसऱ्या दिवशी भरतभाईंकडे गेले. दांडिया बाजारातून नागरवाड्यात चालत जाता येतं, फक्त स्कूटरवाल्यांनी जाऊ दिलं पाहिजे. पुण्यातला स्कूटरवाला तुम्हाला धडकण्याआधी तुमची चूक सांगतो. बडोद्यातला धडकता धडकता "सॉरी, बेन" म्हणतो आणि केम छो विचारतो. मला कुठला बरा हे अजून ठरवता आलेलं नाही.

भरतभाई जन्मापासून मराठी शेजाऱ्यांत वाढलेले, आमच्याशी मराठीच बोलतात. पण मन भरून आलं किंवा अडचणीत सापडले की गुजराती सुरू होतं. दारातच "जय श्री कृष्ण, मंजूबेन, आवो आवो" झालं. चहा, खमण, मुलगी कॅनडात, जावयाला बर्फ मानवत नाही, हे सगळं झाल्यावर मी म्हटलं, "भरतभाई, तुमचं काळं यंत्र जरा बघायचं होतं."

त्यांचा कप बशीवर जोरात टेकला. "ते? ते तो बगडी गयुं छे."

"कधीपासून?"

"दिवाळी आधी. चालतुं ज नथी. बटण दाबा, काही नाही. पछी मी ते माझ्या करजणच्या दुकानावर नेऊन ठेवलं."

आता कुणी मला बिघडलेलं यंत्र आहे असं सांगणं म्हणजे वैद्याला नाडी पुढे करणं. मी म्हटलं, मी बघते की, दुरुस्त होईल. त्यांनी रस्ता खराब असल्याचं सांगितलं. मग दुकानात धूळ असल्याचं. मग गाडीचा एसी बंद असल्याचं. कडाक्याच्या थंडीत मला एसीचं भय घालताना त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं आणि त्यांनी खमणाची बशी माझ्यापुढे सरकवली. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणं त्या घराच्या रीतीत बसत नव्हतं, आणि मी पुण्याची असल्यामुळे तिसऱ्यांदा विचारणं माझ्या रीतीत बसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी करजणला जायचं ठरलं.

निघताना मी सहज विचारलं, "बिघडलंय हे दादाला माहीत आहे?"

"हा. त्यानेच विचारलं होतं, हॉस्पिटलमधून आल्यावर. तुझं मशीन कसं आहे म्हणून. मी सांगितलं, चालत नाही." मग ते माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "खोटुं नथी बोल्यो हुं."

हे मी कुठे विचारलं होतं, असं मला जिना उतरताना वाटलं.

करजण

बडोद्याहून भरूचच्या दिशेने निघालं की शहर बराच वेळ पाठ सोडत नाही. कारखाने, गोदामं, ढाबे, पुन्हा गोदामं. मग एकदम काळी जमीन लागते. कपाशीची वेचणी होऊन गेलेली, झाडांवर चुकलेमाकलेले पांढरे पुंजके, मधून तुरीच्या उंच ओळी. आमच्या विदर्भातल्या मामाच्या शेताची आठवण झाली. मी म्हटलं, "ही जमीन अगदी आमच्याकडच्यासारखी आहे." भरतभाई म्हणाले, "जमीन एकच आहे, बेन. पाटी बदलली फक्त." राज्य वेगळं झालं तेव्हा ते लहान होते. शेजारचे मराठी लोक आता निघून जाणार अशी बोलणी मोठ्यांमध्ये व्हायची, आणि ते घाबरून शिरीषला विचारायला गेले होते, तू जाणार का? शिरीष म्हणाला होता, माझी पतंगाची फिरकी तुझ्याकडे आहे, ती दिल्याशिवाय मी कसा जाईन? "मी ती फिरकी अजून दिली नाही," भरतभाई म्हणाले आणि गियर बदलला.

दुकानात मागच्या खोलीत, मोटारींच्या खोक्यांवर, स्वच्छ धुतलेल्या पंच्यात यंत्र गुंडाळलेलं होतं. कुणी बिघडलेली वस्तू इतक्या प्रेमाने गुंडाळत नाही. शेजारी लोखंडासारखा जड ट्रान्सफॉर्मर, कारण यंत्र अमेरिकेतलं, तिथली वीज आपल्या निम्म्या दाबाची. मी ते दुकानातल्या टीव्हीला जोडलं, बटण दाबलं. लाल दिवा लागला, पडदा काळाच राहिला.

दिवा लागतो म्हणजे वीज पोचते. या यंत्रात फिरणारं, झिजणारं काही नाहीच. ना चकती, ना भिंग. काडतूस खोचलं की खेळ तत्काळ सुरू, वाट बघणं नाही. त्यासाठी आखणाऱ्यांनी काडतुसात कमी जागा आणि महाग माल पत्करला. आतली रचनाही करड्याच्या उलट. करड्यात प्रत्येक चिपेला आपली खोली, इथे सगळ्यांना मिळून एकच मोठी खोली, एकत्र कुटुंबासारखी. सगळी स्मृती एका ठिकाणी, जो तो तिथूनच घेतो. जागेची काटकसर होते, पण दाराशी गर्दी होते. आणि रिमोट जोडायला पुढे चार भोकं. करड्याला दोनच. करडं करणाऱ्यांनी एक मित्र येईल असं धरलं होतं, काळं करणाऱ्यांनी पाहुणे येतील असं.

यंत्राच्या डोक्यावर एक छोटं झाकण असतं. ते मी चमच्याच्या दांड्याने उचकटलं. आत खाच होती, आणि खाच रिकामी होती.

मी वर बघितलं. भरतभाई गल्ल्याजवळच्या देवाच्या तसबिरीकडे बघत होते.

"भरतभाई, इथला तुकडा कुठाय?"

"ए तो खाली होय छे, बेन. अंदर कंई नथी होतुं."

तो तुकडा आतून रिकामाच असतो, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या खाचेत एक ठोकळा असतो, स्मृती वाढवायची असेल तर तो काढून दुसरा बसवायचा. मूळचा ठोकळा काहीच काम करत नाही. पण संदेश तारेतून धावत टोकाला येतो तेव्हा तिथे त्याला निवांत करणारं कुणीतरी लागतं. नसलं तर तो भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा मागे फिरतो आणि येणाऱ्या संदेशांची फाटाफूट करतो. तो रिकामा ठोकळा टोकाला नुसता बसलेला असतो, आणि तो बसलेला असतो म्हणून बाकीचे चालतात. तो काढला की यंत्र मुकं.

"तुम्ही काढलात?"

एवढा मोठा, पोट सुटलेला, पंचक्रोशीत पंप विकणारा माणूस खोक्यावर बसला आणि डोळे पुसू लागला. "शुं करुं, बेन? तो हॉस्पिटलमधून आला, त्याचा हात असा पडलेला. मला विचारतो, तुझं मशीन कसं आहे. मी काय सांगू? मस्त चालतं, मी एकटा खेळतो? म्हणून बोललो, चालत नाही. पछी घरी आल्यावर वाटलं, हे तर खोटं झालं. आजारी माणसाशी खोटं! एकदा माझ्या मुलाने तो तुकडा काढला होता तेव्हा मशीन बंद पडलेलं, ते मला याद होतं. म्हणून काढला. हवे, आता खरंच चालत नाही. एटले खोटुं न थयुं."

"आणि तुकडा?"

"देवघरात, ठाकोरजीच्या पेटीत. हरवू नये म्हणून."

मला हसू आलं आणि रागही आला. मी म्हटलं, "अहो, तुमचं यंत्र बंद पडलं म्हणून ऐकल्यावर त्याने आपलं मला देऊन टाकलं. त्याला वाटलं, तुम्हीही संपवलंत." हे त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

नोकराने मध्येच ताटली आणून ठेवली. पोंक आला होता. आपला हुरडाच, पण इथे तो शेव, लिंबू आणि तिखट-गोड साखरगोळ्यांबरोबर खातात. मला हुरड्यात साखर म्हणजे अधर्म वाटतो, तरी रागाच्या भरात मुठी भरभरून खात सुटले. उजव्या हाताने खात होते. डाव्या हातात रिमोट तसाच राहिला होता, मधल्या मुठीने धरलेला.

मधली मूठ. अंगठा आपोआप वरच्या दांडीवर होता, जी सगळीकडे फिरते. तर्जनी मुठीच्या मागच्या बटणावर, बंदुकीच्या चापासारखी. सुरू करायचं बटणही अंगठ्याला पोचत होतं. उजवी मूठ हवेत होती आणि माझा उजवा हात पोंक खात होता. मी खाणं थांबवलं.

"भरतभाई, तुमच्या त्या होड्या पळवायच्या खेळात बटणं बदलता येतात ना? वेग या मागच्या बटणावर घेता येईल?"

"येईल ने. का?"

मी रिमोट तसाच, एका हातात, त्यांच्यासमोर धरला. त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि ते इतक्या झटकन उठले की खोकं कलंडलं.

पुन्हा दांडिया बाजार, रविवार

मला भीती एकाच गोष्टीची होती. दादा म्हणेल, कुबडी. पण मी मनाशी मुद्दा घोळवून ठेवला होता. हा रिमोट कुणा आजाऱ्यासाठी केलेला नाही. धडधाकट पोरांसाठी केला, त्यांनी हवा तसा धरावा म्हणून तीन मुठी दिल्या. ज्यांना माणूस यंत्र कसं धरेल याची खात्री नव्हती, त्यांनी जास्तीची मूठ ठेवली. ज्यांना खात्री होती, त्यांनी दोनच ठेवल्या, आणि त्या हाताला सुंदर बसतात. इतकी वर्षं मीही खात्रीवाल्यांच्या बाजूची होते. बोर्डावर जास्तीची एक तार दिसली की मी ती खोडायची.

भरतभाई आले ते फाफडा-जिलेबी, यंत्र, ट्रान्सफॉर्मर आणि रेशमी रुमालात बांधलेला ठोकळा घेऊन. दादाने काळं यंत्र पाहिलं आणि हिंचका पायाने थांबवला. भरतभाईंनी ट्रान्सफॉर्मरची पिन खोचली, बटण दाबलं आणि घरातली वीज गेली.

"अरे देवा," वहिनी म्हणाली.

अंधुक खोलीत हिंचक्यावरून आवाज आला. "पंप... चालू. लोड."

खरंच, वरच्या टाकीचा पंप चालू होता. वहिनीने तो बंद केला, खटका वर केला, दिवे आले. भरतभाईंसमोर दादाने माझ्या देखत बोललेले ते पहिले शब्द. मी भरतभाईंकडे पाहिलं, ते माझ्याकडे बघत नव्हते. ते रुमालाची गाठ सोडत होते. ठोकळ्याला तुळशीचं पान चिकटलं होतं, ते त्यांनी काढून कपाळाला लावलं आणि ठोकळा खाचेत बसवला.

"काय... ते?" दादाने विचारलं.

"में काढी नाख्यो हतो," भरतभाई म्हणाले. मग सगळं सांगितलं, गुजरातीत, मान खाली घालून, देवघराच्या पेटीसकट.

दादाने डाव्या हाताने यंत्राकडे बोट केलं. "म्हणजे... बिघडलं... नव्हतं."

"नव्हतं."

"मूर्ख," दादा म्हणाला. हा शब्द त्याला शोधावा लागला नाही.

पडद्यावर पाणी आलं, होड्या आल्या. मी रिमोट दादाच्या डाव्या बाजूला ठेवला, मधली मूठ त्याच्याकडे करून, आणि घोळवून ठेवलेला मुद्दा बोलायला तोंड उघडलं. पण त्याने रिमोटकडे बघून ओठ वाकडे केले. "तीन... हातांचं."

झालं, मला वाटलं. संपलं.

"विष्णु भगवानने तो," भरतभाईंनी सुरुवात केली, आणि त्यांचा आवाज तिथेच बसला. ते जमिनीवर बसले होते, मांडी घालून, ओठ हलत होते पण पुढचं येत नव्हतं. इतकी वर्षं म्हटलेली ओळ, आणि शब्द सापडत नव्हते ते त्यांना.

दादा वाट बघत होता. दुसऱ्याचा शब्द अडकला की कसं वाटतं हे बहुधा त्या खोलीत त्यालाच सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. त्याने घाई केली नाही. मग तोच म्हणाला, "चार."

आणि त्याने मूठ धरली.

पहिली होडी सरळ खडकावर गेली. दुसरीही. तिसऱ्या वेळी ती पहिलं वळण घेऊन गेली, आणि दादाचा पाय नकळत हिंचक्याला झोके देऊ लागला. भरतभाईंनी दुसरा रिमोट घेतला, नेहमीसारखा दोन्ही हातांनी, काही सवलत न देता, आणि त्याला सपशेल हरवलं. वहिनीने माझा दंड घट्ट धरला होता. तिला भीती वाटली असेल. मला नाही वाटली, कारण दादा चिडला होता, आणि हे चिडणं आजारपणाचं नव्हतं.

"चित्र... धूसर," तो पडद्याकडे बोट करून म्हणाला. "तुझं... नेहमीच... धूसर."

"नि तुझं थरथरतं," भरतभाई म्हणाले. "सरळ रेघ काढता येत नाही तुझ्या मशीनला. नि चकती फिरेपर्यंत माणूस जेवून येतो."

"आवाज... ऐक... माझ्याचा. आवाज."

मला सांगायला आनंद होतो की दोघांचंही म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. करड्याच्या चित्रातल्या रेघा खरंच थरथरतात, काळ्याचं चित्र खरंच धुक्यातलं वाटतं, आणि आवाजात करडं केव्हाही सरस. कुठलं चांगलं, हे मी घरून ठरवून आले होते. दोन्ही पोटं उघडून बघितल्यावर आता मला ते सांगता येत नाही. फाफडा गार झाला, जिलेबी चिवट झाली, भरतभाई अर्ध्या तासात उठले नाहीत.

दुपारी माझी गाडी होती. बॅग दाराशी आणून ठेवली, वहिनीने चिवड्याच्या पुड्या कोंबल्या. दादा काठी टेकत आला आणि डाव्या हाताने बॅगेची चेन ओढू लागला. मी चेन उघडली, कपडा सोडला, करडं यंत्र काढलं आणि टीव्हीखालच्या फळीवर, काळ्याच्या शेजारी ठेवलं. नीट, सरळ, झाकण वर करून, जसं आखणाऱ्यांनी आखलं तसं.

तो माझ्याकडे बघून मान हलवू लागला. मला वाटलं, आभार मानायला शब्द शोधतोय.

"उलटं," शिरीषदादा म्हणाला. "उलटं ठेव. पुढच्या रविवारी... त्याची पाळी आहे."